सोंगाचा कपडा आणि सीमाशुल्क

परदेशातून आलेला पोशाख राजाचा आहे, भुताचा आहे की सांताक्लॉजचा, याच्याशी सीमाशुल्काच्या सूचीला फारसे देणेघेणे नसते. कापड कशाचे, ते होजिअरीचे की मागावरचे, शिवण पक्की की कच्ची, पुढचा बंद कोणत्या बाजूवर येतो, एवढेच ती विचारते. मोठ्या माणसांनी सोंग घेण्यासाठी वापरायचे कपडे ‘कपडे’ या सदरात जातात की ‘उत्सव आणि करमणुकीच्या वस्तूं’च्या, हा वाद जगभरच्या कस्टम कचेऱ्यांत कित्येक वर्षे चालला आणि न्यायालयांपर्यंत गेला. वाद वरवर गमतीचा दिसतो. पण एका सदरात शुल्क शून्य आणि दुसऱ्यात ३२ टक्के असेल, तर कंटेनरभर मालामागे व्यापारी तरतो किंवा बुडतो.

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, बंदर नाही. तरीही हा विषय तिथल्या बाजारपेठेत रोज वावरत असतो. डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलने लागली, की यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड अशा गावांत कपडे भाड्याने देणाऱ्यांकडे धांदल उडते. नवरात्रात यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भभर गाजतो आणि घागरा-चोळीची मागणी वाढते. अशा दुकानांतला काही माल स्थानिक शिंप्याने शिवलेला असतो, काही मुंबई-सुरतच्या घाऊक बाजारातून येतो. परदेशी माल असेल तर तो बहुधा न्हावा शेवा बंदरात उतरलेला असतो. नागपूरला कंटेनर डेपो आहे, पण किरकोळ विक्रेत्याला त्याची पायरी चढावी लागत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त बिलावरचा एक आकडा, म्हणजे एचएसएन कोड. बंदरात ज्या आकड्याने माल सोडवला, त्याच पद्धतीचा आकडा देशांतर्गत जीएसटीच्या बिलावरही येतो.

या आकड्यांमागची जागतिक पद्धत ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची आहे. ती १ जानेवारी १९८८ पासून जगात लागू झाली. भारताने १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याची सूची १९८६ मध्येच या पद्धतीवर बेतून घेतली होती. या व्यवस्थेत २१ विभाग आहेत. प्रकरणांचे क्रमांक ९७ पर्यंत जातात, त्यातले ७७ वे पुढच्या गरजेसाठी रिकामे ठेवलेले आहे. पहिले सहा अंक सर्व देशांत सारखे असतात, पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. भारतात एकूण आठ अंक असतात. पहिले दोन प्रकरणाचे, चार मिळून शीर्षकाचे. कपड्यांचा मामला मुख्यतः दोन प्रकरणांत आहे. ६१ व्या प्रकरणात होजिअरीचे, म्हणजे टी-शर्ट-स्वेटरसारख्या फासांच्या विणीचे कपडे येतात, आणि ६२ व्यात मागावर विणलेल्या कापडाचे. खेळणी, खेळाचे साहित्य आणि उत्सवाच्या वस्तू ९५ व्या प्रकरणात आहेत. त्यातले ९५०५ हे शीर्षक उत्सव, जत्रा आणि करमणुकीच्या वस्तूंचे. भारतीय सूचीत याच शीर्षकाखाली जादूच्या प्रयोगांच्या साहित्यासाठी स्वतंत्र ओळ ठेवलेली आहे, हे पाहून जादूगारांना बरे वाटावे.

सोंगाचा पोशाख ही करमणुकीची वस्तू आहे, हे कोणीही कबूल करील. मग तो सरळ ९५०५ मध्ये का जात नाही? कारण शीर्षकाच्या शब्दांआधी प्रकरणाच्या टिपा वाचाव्या लागतात. ९५ व्या प्रकरणाच्या सुरुवातीला या प्रकरणात काय येत नाही याची लांबलचक यादी आहे. तिच्यात स्पष्ट म्हटले आहे, की ६१ किंवा ६२ व्या प्रकरणात बसणारे कापडी सोंगाचे पोशाख इथे धरायचे नाहीत. ब्रुसेल्सच्या स्पष्टीकरणात ९५०५ मध्ये येणाऱ्या वस्तूंची उदाहरणे आहेत. मुखवटे, खोटे कान, खोटी नाके, कागदी टोप्या, आणि केसांच्या खऱ्या कारागिरीत न मोडणाऱ्या दाढ्यामिशा व टोप. कापडाचा अंगरखा मात्र बाहेर. म्हणजे रावणाची दहा तोंडे ९५०५ मध्ये आणि रावणाचे धोतर दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे.

नियम प्रत्यक्षात कसा लागतो हे कळण्यासाठी खोकेच उघडलेले बरे. समजा, समुद्री चाच्याच्या पोशाखाचे पाकीट आहे. वर रंगीत चित्र, आत पॉलिएस्टरचा झालरीचा सदरा, गुडघ्याखाली फाटक्या कडांची विजार, कंबरेला गुंडाळायची लाल पट्टी, काळी टोपी, चिकटवायची मिशी आणि प्लास्टिकची तलवार. ग्राहकाच्या दृष्टीने ही एकच वस्तू आहे. तो एक किंमत देतो आणि एक पाकीट घेतो. किरकोळ विक्रीसाठी मांडलेल्या संचाला एकच आकडा द्यायची सोय वर्गीकरणाच्या सामान्य नियमांत आहेही. पण कापडाच्या ११ व्या विभागात त्याला छेद देणारी टीप आहे. वेगवेगळ्या शीर्षकांत मोडणारे कापडी कपडे एका संचात विकले, तरी प्रत्येकाचे वर्गीकरण आपापल्या शीर्षकात व्हायचे. त्यामुळे सदरा पुरुषांच्या सदऱ्यांच्या ६२०५ मध्ये जातो, विजार ६२०३ मध्ये, कंबरपट्टी कपड्यांच्या उपसाधनांच्या ६२१७ मध्ये. टोपी कापडी आणि नीट घडवलेली असेल तर ६५ व्या प्रकरणात, कागदी असेल तर ९५०५ मध्ये. मिशी ९५०५ मध्ये.

सगळ्यात खट्याळ असते ती तलवार. खेळण्यातली शस्त्रे ९५०३ या खेळण्यांच्या शीर्षकात मोडतात. भारतात खेळण्यांवरचे मूलभूत सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे. पाकिटातली सगळ्यात स्वस्त चीज अशी सगळ्यात जड शुल्क ओढू शकते, आणि चिन्ह नाही म्हणून सगळे खोके गोदामात अडकवून ठेवू शकते. जाणते आयातदार सोंगाचे कपडे मागवताना हत्यारे वगळून मागवतात, यात नवल नाही.

मोठ्यांचा पोशाख आणि लहानांचा पोशाख यांतला फरकही इथेच कामाला येतो. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू म्हणून पोशाख विकला जात असेल, तर तो कपडा की खेळणे असा प्रश्न उभा राहू शकतो. मोठ्यांच्या मापाच्या पोशाखापुढे ही अडचण सहसा येत नाही. कपड्यांच्या प्रकरणांत लहान बाळांसाठी वेगळी शीर्षके आहेत. तिथे वय विचारत नाहीत, उंची विचारतात. ८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या बाळासाठीचे कपडे ६१११ किंवा ६२०९ मध्ये, त्यापुढचे सगळे मोठ्यांबरोबर. त्यामुळे सूचीच्या हिशेबात तिसरी-चौथीतल्या मुलाचा शिवाजीमहाराजांचा पोशाख आणि नाटकातल्या नटाचा तोच पोशाख यांची रांग एकच.

स्त्री-पुरुष हा भेद मात्र सूची फार काटेकोरपणे करते, आणि तोही माणसाकडे न पाहता. पुढच्या बाजूला बंद असलेल्या कपड्यात डावा पदर उजव्यावर येत असेल तर कपडा पुरुषांचा, उजवा डाव्यावर येत असेल तर स्त्रियांचा. कपड्याचा बेतच उघडपणे एकासाठी असेल तर बेत प्रमाण. आणि काहीच सांगता येत नसेल तर तो स्त्रियांच्या शीर्षकात टाकायचा. मराठी रंगभूमीला हा नियम गमतीचा वाटेल. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, तेव्हा तिच्या नायिकांची भूमिका करणारे बालगंधर्व पुरुष होते. त्यांच्या चोळीचे वर्गीकरण करायची वेळ आली असती, तर ती चोळी निर्विवादपणे स्त्रियांच्या सदरात गेली असती. अंगात कोण शिरणार आहे, याची नोंद शुल्कसूचीत कुठेच नाही.

चोळीचे ठरले, पण नऊवारीचे काय? इथे आणखी एक वळण आहे. न शिवलेली साडी हे कापड आहे, कपडा नव्हे. भारतीय सूचीत सुती साड्या, धोतरे, लुंग्या यांना ५२ व्या प्रकरणात कापडांच्या रांगेत स्वतंत्र ओळी दिलेल्या आहेत. लावणीच्या कार्यक्रमासाठी नऊ वारांची साडी पाठवली तर ती कापड म्हणून जाईल. पण हल्ली नाचाच्या स्पर्धांत सर्रास दिसणारी शिवलेली नऊवारी, जी पायात घालून नाडी बांधली की झाले, ती ६२ व्या प्रकरणातला तयार कपडा ठरते. रंग तोच, काठ तोच, निऱ्याही तितक्याच. कात्री आणि सुई लागली, की प्रकरण बदलते.

यवतमाळ जिल्ह्यात या सगळ्या तर्काची खरी परीक्षा घेणारा पोशाख गावोगाव आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड या तालुक्यांत बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक याच समाजातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. तांड्यातल्या वयस्क बाईचा फेटिया, कांचळी आणि ओढणी यांवर आरसे, कवड्या आणि नाणी जडवलेली असतात. तोच पोशाख स्नेहसंमेलनात नाचासाठी भाड्याने दिला, की पाहणाऱ्याला तो ‘सोंगाचा’ वाटतो. एकीचे रोजचे वस्त्र दुसरीचा रंगमंचीय वेष ठरते. सूची इथे शहाणपणाने वागते. फेटिया घागऱ्यांच्या ६२०४ मध्ये, कांचळी ब्लाउजच्या ६२०६ मध्ये, ओढणी शालींच्या ६२१४ मध्ये. आरशांनी त्यात फरक पडत नाही, आणि पोशाख तांड्यात चालला आहे की स्टेजवर याने तर मुळीच नाही. वेषाचा हेतू पाहून वर्गीकरण केले असते, तर एखाद्या समाजाच्या पोशाखाला गंमत म्हणायचा अधिकार कस्टमच्या कारकुनाला मिळाला असता.

पैनगंगेच्या पलीकडे, आदिलाबादच्या बाजूला राजगोंडांचा दंडारीचा सण आहे. त्यातले घुसाडी नर्तक मोरपिसांचा भला थोरला शिरपेच घालतात. पिसांच्या वस्तूंसाठी ६७०१ हे शीर्षक आहे. पण इथे शीर्षक शोधण्याआधी वन्यजीवांचे नियम आडवे येतात, कारण मोरपिसे देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. एखाद्या वस्तूचा आकडा ठरला म्हणजे तिची वाट मोकळी झाली, असे नसते.

कापडाचा धागा ठरवताना वजनाचा काटा चालतो. मिश्र कापडात ज्या धाग्याचे वजन सर्वांत जास्त, त्याचे ते कापड. बाजारातले आयात सोंगाचे कपडे बहुतेक पॉलिएस्टरचे असतात, कारण ते स्वस्त पडते, चकाकते आणि घडी मोडत नाही. कागदावर सुती लिहिलेले प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर निघाले, तर आठ अंकी ओळ बदलते. म्हणून संशय आला की नमुना प्रयोगशाळेत जातो. मुंबईतील वस्त्रोद्योग समितीच्या प्रयोगशाळा हे काम करतात. त्याच खेपेत कापडात बंदी घातलेले ॲझो रंग आहेत का, हेही पाहिले जाते. भडक लाल-काळ्या पोशाखांच्या बाबतीत ही तपासणी औपचारिक समजू नये. कापडाऐवजी कृत्रिम चामडे, प्लास्टिक वा रबर आले, तर वर्गीकरण थेट दुसऱ्या विभागांत उडी मारते. निव्वळ प्लास्टिकच्या पत्र्याचा अंगरखा ३९२६ मध्ये, रबराचा ४०१५ मध्ये, चामड्याचा ४२०३ मध्ये. प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडाच्या कपड्यांसाठी मात्र ६११३ आणि ६२१० ही कापडी शीर्षकेच आहेत.

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर वेगळे दिले, आणि ते मिळण्याची कथा कोणत्याही नाट्यप्रवेशाहून रंगतदार आहे. तिथे ऑक्टोबरअखेर हॅलोविनला लहानथोर सोंगे घेतात. त्यासाठीचे पोशाख मोठ्या प्रमाणात बाहेरून येतात. ९५०५ मध्ये टाकले तर शुल्क शून्य, कपडे मानले तर कृत्रिम धाग्याच्या काही प्रकारांवर ३२ टक्क्यांपर्यंत. अमेरिकी कस्टमने विदूषक, चेटकीण, चाचे अशा स्वस्त पोशाखांना उत्सवाच्या वस्तू ठरवून शुल्कमुक्त सोडायला सुरुवात केली. त्यावर रूबीज कॉश्च्यूम कंपनीने हरकत घेतली. तेव्हा ही कंपनी देशातच पोशाख बनवणारी म्हणून उभी राहिली होती. बाहेरचा माल शुल्क न भरता आला तर आम्ही कसे टिकायचे, हा तिचा मुद्दा, आणि म्हणून हे पोशाख म्हणजे कपडेच आहेत असे तिचे म्हणणे. खालच्या न्यायालयात ती जिंकली. २००३ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने निकाल फिरवला. कडा न दुमडलेले, दोरे लोंबणारे, मानेला चिकटपट्टीचा एक तुकडा, एकदोनदा घालून टाकून द्यायचे कपडे हे अंगावर घालायचे वस्त्र नव्हे, ती उत्सवाची वस्तू, असे न्यायालयाने धरले. तेव्हापासून अमेरिकेत पोशाखाची शिवण, कडा, अस्तर आणि टिकाऊपणा पाहून ठरवतात. वाईट शिवलेल्याला शुल्क माफ, चांगल्या शिवलेल्याला शुल्क, असा हा उफराटा न्याय आहे.

सोळा वर्षांनी त्याच कंपनीला त्याच न्यायालयात उलट्या बाजूने उभे राहावे लागले. आता ती आयातदार होती आणि तिचा माल होता सांताक्लॉजचा भारी पोशाख. नऊ नगांचा संच. मऊ मखमली कोट, त्याला आतून अस्तर, खांद्यात पॅड, पुढे पूर्ण लांबीची चेन, विजारीला खिसे आणि धुलाईची सूचना ‘ड्राय क्लीन’. कंपनीचे म्हणणे, सांताचा पोशाख वर्षातून चार दिवस घालतात, त्याला रोजचा कपडा कोण म्हणेल? २०१९ मध्ये न्यायालयाने तिला २००३ चाच निकाल वाचून दाखवला. इतक्या निगुतीने शिवलेला कोट वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून तो कपडा. कोट, विजार, हातमोजे कपड्यांच्या शीर्षकांत गेले. कोट तर ३२ टक्क्यांच्या ओळीत. खेळणी भरायची पिशवी प्रवासी पिशव्यांच्या ४२०२ मध्ये गेली. दाढी, केसांचा टोप, टोपी अशा किरकोळ वस्तू मात्र उत्सवाच्या सदरातच राहिल्या. नऊ नगांचा एक सांता न्यायालयातून असा तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडला. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दुकानात वीस-पंचवीस डॉलरचा पोशाख इतका तकलादू का, असा प्रश्न पडतो. त्याच्या उत्तराचा काही भाग तरी या निकालांत आहे. कच्ची शिवण तिथे शुल्क वाचवते.

भारतात प्रकरणाची टीप जशी आहे तशी वाचली, तर शिवण कच्ची की पक्की हा प्रश्न इतका निर्णायक राहत नाही. कापडी पोशाख ६१ किंवा ६२ मध्ये जातो. पण पैशांचा हिशेब इथे वेगळ्या तऱ्हेने चावतो. कपड्यांच्या अनेक ओळींवर शुल्काचा दर दोन प्रकारे लिहिलेला असतो, टक्केवारीने किंवा नगामागे ठरावीक रुपयांनी, यांपैकी जे जास्त भरेल ते. एका पोशाखाची किंमत १,००० रुपये आणि दर २० टक्के धरला तर मूलभूत शुल्क २०० रुपये, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार २० रुपये. मग १,२२० रुपयांवर एकात्मिक जीएसटी ५ टक्के, म्हणजे ६१ रुपये. बंदरातून माल १,२८१ रुपयांना सुटला. आता एखादा सदरा २०० रुपयांचा आहे आणि ओळीवर नगामागे ६० रुपये असे लिहिले आहे, अशी कल्पना केली, तर २० टक्क्यांचे ४० रुपये बाजूला पडतात आणि ६० रुपये, म्हणजे ३० टक्के द्यावे लागतात. स्वस्त मालाला जास्त झळ. अमेरिकेतली कच्च्या शिवणीची युक्ती इथे अशी उलटते.

जीएसटीच्या दरात २२ सप्टेंबर २०२५ पासून बदल झाला. त्याआधी १,००० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ आणि त्यावर १२ टक्के होते. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यापुढे १८ टक्के आहेत. जरीकामाचा शेरवानीवजा राजाचा पोशाख विकत घ्यायचा असेल तर ही २,५०० ची रेघ ध्यानात ठेवावी लागते. भाड्याने देणे ही सेवा असल्याने तिचा हिशेब निराळा.

वर्गीकरणाचा परिणाम शुल्कापुरता मर्यादित नसतो. सार्क करारातल्या सवलतीमुळे बांगलादेशचे तयार कपडे भारतात शुल्कमुक्त येत आले. १७ मे २०२५ रोजी भारताने ते जमिनीवरच्या नाक्यांवरून आणायला बंदी केली आणि न्हावा शेवा व कोलकाता ही दोनच बंदरे मोकळी ठेवली. सोंगाचा पोशाख ‘तयार कपडा’ ठरला तर ही बंदी त्यालाही लागते. मुखवटा किंवा खोटे नाक असेल तर लागत नाही. एकाच खोक्यातला माल एका नियमाने बंदरातून आणि दुसऱ्या नियमाने नाक्यावरून यावा, असाही प्रसंग संभवतो.

कापसाच्या जिल्ह्यात बसून ही सूची पाहिली, तर तिची दुसरी बाजू दिसते. एकच धागा तिच्यात खालून वर सरकत जातो. शेतातून जिनिंगमध्ये गेलेला, न पिंजलेला कापूस ५२०१ मध्ये. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. तिथले जाड सुती डेनिम ५२०९ मध्ये. त्याच डेनिमची काउबॉयची विजार शिवली की ६२०३. प्रत्येक पायरीला दर वेगळा, आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस वेगळ्या दराची मागणी करतो. २०२१ च्या अर्थसंकल्पात आयात कापसावर ११ टक्के भार बसला. गिरण्यांच्या आग्रहाने तो १४ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर २०२२ आणि पुन्हा १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात उठवला गेला. गिरणीला बाहेरचा स्वस्त कापूस हवा, शिवणाऱ्याला बाहेरचे स्वस्त कापड हवे, आणि दोघांनाही तयार कपड्यावर भिंत हवी. कापूस पिकवणारा या रांगेत सगळ्यात खाली उभा आहे, आणि त्याच्या डोक्यावरची भिंतच सर्वांत सहज हलते. ही ओढाताण जुनी आहे. १८९६ मध्ये इंग्रज सरकारने विलायती सुती कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क ठेवले, आणि लँकेशायरची तक्रार नको म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावर तेवढाच अबकारी कर बसवला. तो कर १९२५ च्या अखेरीस थांबवला गेला. यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवरून मुंबईकडे जात होता, त्या काळात या साडेतीन टक्क्यांवर सभा गाजत.

आकडा ठरवण्याची पहिली जबाबदारी आज आयातदाराचीच आहे. २०११ पासून स्वयंमूल्यांकनाची पद्धत असल्याने बिल ऑफ एन्ट्रीत त्याने स्वतः आठ अंक भरायचे आणि अधिकाऱ्याने तपासायचे. चूक निघाली तर साधारण दोन वर्षांपर्यंत, आणि लबाडी सिद्ध झाली तर पाच वर्षांपर्यंत मागचे शुल्क वसूल होऊ शकते. आधीच खात्री करून घ्यायची असेल तर सीमाशुल्काच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे जाता येते. ते मुंबई आणि दिल्लीत २०२१ पासून काम करते. तिथे नमुना, कापडाचा अहवाल आणि पोशाखाची छायाचित्रे द्यावी लागतात. वर्णनात ‘पार्टी आयटम’ असे मोघम लिहिणे हा बाजारातला जुना रिवाज आहे, आणि खेप अडकवण्याचा तोच सर्वांत खात्रीचा मार्ग.

वापरलेल्या पोशाखांचे नियम आणखी निराळे. परदेशी कंपन्यांनी टाकलेले नाटकाचे कपडे गठ्ठ्याने आले आणि वापराच्या खुणा स्पष्ट असल्या, तर ते ६३०९ मध्ये जुने कपडे म्हणून जातात, आणि त्यांच्या आयातीला परवाना लागतो. एकच जुना अंगरखा नीट घडी घालून आला तर तो ६३०९ मध्ये बसत नाही, कारण त्या शीर्षकाला मोट, पोती किंवा सुटा ढीग हवा असतो. शंभर वर्षांवरचा असेल तर मात्र तो पुरातन वस्तूंच्या ९७०६ मध्ये जातो, मग तो कापडाचा असो वा लाकडाचा. १८८० मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या किर्लोस्कर नाटक मंडळीचा एखादा जुना कोट परदेशातल्या संग्रहातून परत आला, तर त्याचे सदर हेच. उलट दिशेने, तसा कोट भारतातून बाहेर नेणे खासगी माणसाला शक्य नाही, कारण १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.

राहिला प्रश्न दौऱ्यावर जाणाऱ्या मंडळींचा. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना महाराष्ट्रातून नाटके जातात, आणि पेट्याभर कपडेपट बरोबर जातो. परत येताना तो कपडेपट कायद्याच्या दृष्टीने पुन्हा आयात होतो. सीमाशुल्क कायद्याच्या विसाव्या कलमाप्रमाणे परत आलेल्या वस्तूलाही नव्या आयातीसारखेच शुल्क लागू होते. ते टाळण्यासाठीची सवलत अधिसूचनेने दिली आहे. माल तीन वर्षांच्या आत यावा, मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवून मिळू शकते, आणि गेलेली वस्तू तीच ही आहे हे पटवून देता यावे. म्हणून अनुभवी कपडेपटवाला जाण्याआधी प्रत्येक शेल्यावर, अंगरख्यावर आतून क्रमांक टाकतो, यादीवर रंग, कापड आणि किंमत लिहितो, आणि ती यादी निर्यातीच्या कागदांना जोडून तिच्यावर कस्टमचा शिक्का घेतो. यादीत ‘राजाचा पोशाख – १’ असे लिहून भागत नाही. अंगरखा, सुरवार, शेला, जिरेटोप, कंबरपट्टा असे नग सुटे मांडावे लागतात.